परदेशात औषध एवढं महाग का, इकडून नेताना काय बघायचं आणि बाहेरून मागवायचं तर कसं

आमचं मेडिकल इंदूरला, रामबागेच्या बाजूला. सासऱ्यांनी सुरू केलेलं, मी फार्मसी शिकून आले आणि लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून काउंटरवर बसते. दरवर्षी एप्रिल लागला की मुलाकडे नाहीतर लेकीकडे जायची लगबग सुरू झालेली मंडळी येतात, हातात डॉक्टरची पर्ची आणि तोंडात एकच वाक्य, "सहा महिन्यांचं सगळं बांधून दे गं, तिकडे औषधं सोन्याच्या भावाने मिळतात." आणि वर्षातून दोनचार जण उलट्या कामासाठी येतात, मुंबई-दिल्लीच्या मोठ्या हॉस्पिटलचा कागद घेऊन, रात्रभर झोपलेले नसतात, विचारतात की हे औषध भारतात मिळतच नाही म्हणे, आता काय करायचं. दोघांनाही मी गर्दीत तुकड्यातुकड्यात सांगते आणि दुकान वाढवताना आठवतं की अमुक सांगायचं राहिलंच, म्हणून एकदा बसून सगळं लिहिते आहे.

एकच गोळी, वेगवेगळे भाव

शुगरवाल्यांना सिटाग्लिप्टिन माहीत असेल. मूळ ब्रँड जानुविया. अमेरिकेत ह्याच्या महिन्याभराच्या गोळ्यांची छापील किंमत २०२३ साली ५२७ डॉलर होती. मग तिथल्या सरकारने म्हाताऱ्या लोकांच्या मेडिकेअर योजनेसाठी कंपनीशी घासाघीस केली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्या योजनेपुरता भाव ११३ डॉलर झाला. आणि आपल्याकडे? जुलै २०२२ मध्ये पेटंट संपलं, बघता बघता बाजारात ढीगभर ब्रँड आले, आणि सप्टेंबरात सरकारच्या स्वस्त औषधांच्या जनऔषधी दुकानांनी ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आणि १०० च्या दहा गोळ्या १०० रुपयांना आणल्या. म्हणजे महिन्याचे तीनशे रुपये. सॉल्ट म्हणजे गोळीतलं मूळ औषध तेच, शरीरात जाऊन काम तेच.

लोकांना वाटतं इकडचं स्वस्त म्हणजे हलकं असणार. मी त्यांना पीथमपूरचं सांगते. इथून तासाभरावर तर आहे, अर्ध्या इंदूरची मुलं तिथे शिफ्टला जातात, आणि तिथल्या सेझमधल्या, म्हणजे निर्यातीसाठीच्या खास भागातल्या कारखान्यांतून गोळ्या बनून थेट अमेरिकेला जातात, अमेरिकेच्या एफडीएचे म्हणजे तिथल्या सरकारी औषध खात्याचे इन्स्पेक्टर येऊन तपासून जातात. तेव्हा गोळी बनवायला काय खर्च येतो ह्यावर तिचा भाव ठरत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. भाव ठरतो तो त्या देशात दुसरं कुणी ती बनवू शकतं का आणि कंपनीसमोर सौद्याला कोण बसतं, ह्या दोन गोष्टींवर.

पहिली गोष्ट पेटंटची. आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा झाला (१९७२ पासून लागू) त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतंच, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, म्हणजे तुम्ही दुसऱ्या रस्त्याने तेच औषध बनवलं तर कुणी अडवू शकत नव्हतं. ह्याच काळात आपल्या कंपन्या तयार झाल्या. २००१ मध्ये सिप्लाच्या डॉ. युसूफ हमीदांनी एड्सची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ म्हणून सांगितलं, तेव्हा तोच इलाज पश्चिमेत दहा हजार डॉलरच्या वर होता. पुढे जागतिक व्यापार कराराप्रमाणे १ जानेवारी २००५ पासून आपल्यालाही पदार्थावर पेटंट द्यावं लागलं, पण कायद्यात ३ (डी) नावाचं एक कलम ठेवलं की जुन्याच औषधाला थोडंसं इकडेतिकडे करून नवं पेटंट मागता येणार नाही. ब्लड कॅन्सरच्या ग्लिव्हेकचा खटला ह्यावरच अडला आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने कंपनीला पेटंट नाकारलं. त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक झालं, नेक्साव्हर नावाचं किडनी-लिव्हरच्या कॅन्सरचं औषध, महिन्याला २ लाख ८० हजार रुपये, सरकारने मार्च २०१२ मध्ये नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट दुसऱ्याचं असूनही बनवायची मुभा दिली आणि तेच ८,८८० रुपयांत मिळायला लागलं. २ लाख ८० हजार आणि ८,८८०, हे दोन आकडे मी काउंटरवर कितीतरी जणांना कागदावर लिहून दाखवले आहेत.

दुसरी गोष्ट सौद्याची. इंग्लंडमध्ये नाईस नावाची सरकारी संस्था १९९९ पासून आहे, ती हिशोब करते की ह्या औषधाने माणसाला नीट जगायला किती वर्षं मिळतील आणि त्याला एवढे पाउंड देणं परवडतं का, नाही पटलं तर नाही म्हणते, मग कंपनी झक मारून भाव खाली आणते, कारण तिथे घेणारं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः सरकारच. कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, प्रत्येकाची आपापली पद्धत आहे पण सगळीकडे सरकार मध्ये बसलेलं. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने मेडिकेअरला औषधाच्या भावात बोलायलाच बंदी होती, ती २०२२ च्या कायद्याने थोडी उठली, आणि म्हणून ते ५२७ चे ११३ झाले. शिवाय तिथे इन्शुरन्स आणि कंपनीच्या मध्ये दलाल कंपन्या बसतात, छापील भाव जेवढा मोठा तेवढी मागच्या दाराने सूट मोठी, त्यामुळे छापील भाव कमी करायची कुणालाच घाई नसते आणि ज्याच्याकडे इन्शुरन्स नाही तो बिचारा पूर्ण भाव भरतो.

आपल्याकडेही सरकार मध्ये आहे. जी औषधं आवश्यक यादीत आहेत त्यांची कमाल किंमत एनपीपीए ही औषधांच्या भावाची सरकारी संस्था ठरवते, २०१३ च्या ऑर्डरप्रमाणे, बाजारात एक टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्या ब्रँडच्या भावाची सरासरी काढून त्यावर दुकानदाराचे १६ टक्के. यादीबाहेरच्यांना वर्षाला १० टक्क्यांच्या वर भाव वाढवता येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटीही १२ चा ५ झाला.

न्यायच्या आधी तिकडचा भाव विचारा

ही पायरी कुणीच करत नाही आणि हीच पहिली करायला हवी. अमेरिकेत सगळंच महाग आहे हे खरं नाही. तिथल्या रँड संस्थेने २०२२ च्या आकड्यांवरून ३३ श्रीमंत देशांशी तुलना केली, त्यात अमेरिकेतली ब्रँडेड औषधं चौपटीच्या वर महाग निघाली, पण बिनब्रँडची जेनेरिक औषधं उलट स्वस्त, इतर देशांच्या साधारण ६७ टक्के भावात. मेटफॉर्मिन, अम्लोडिपिन, लोसार्टन, अटोर्वास्टॅटिन, ही रोजची औषधं तिथे मोठ्या दुकानांच्या फार्मसीत महिन्याला चारपाच ते दहापंधरा डॉलरला मिळतात, वॉलमार्टची चार डॉलरची यादी तर २००६ पासून आहे. मुलाला सांगा, सॉल्टचं नाव आणि मिलिग्रॅम टाकून तिथला जेनेरिकचा भाव बघ. बघून मग ठरवा काय न्यायचं.

अडचण दुसरीच असते, तिथे पर्ची तिथल्या डॉक्टरची लागते, आणि डॉक्टरची एक भेट म्हणजे शंभर-दोनशे डॉलर सहज. पाहुण्यांचा जो प्रवासी इन्शुरन्स काढतात त्यात आधीपासूनच्या बीपी-शुगरची रोजची औषधं बहुतेक धरतच नाहीत. म्हणून जे फिरायला चाललेत त्यांनी आपली औषधं इकडूनच न्यावीत हे बरोबर आहे. पण मुलगा तिथे नोकरीला आहे, त्याच्याकडे इन्शुरन्स आहे, आणि आई त्याच्यासाठी वर्षभराची थायरॉइडची गोळी भरून चाललीय, हे मला पटत नाही आणि मी तसं तोंडावर सांगते. त्याला तिथे ती स्वस्तात मिळेल आणि रक्त तपासून डोस बदलणारा डॉक्टरही मिळेल.

ज्यात खरंच फरक पडतो ती म्हणजे पेटंटमधली ब्रँडेड औषधं, इनहेलर, इन्शुलिन. पण त्यातही विचारा, कारण आता मेडिकेअरवाल्यांना २०२३ पासून इन्शुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडत नाही, आणि मोठ्या इनहेलर कंपन्यांनीही २०२४ पासून ३५ डॉलरची मर्यादा घातली आहे.

नावांचा घोळ होतो तो आत्ताच सांगते. पॅरासिटामॉलला तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड. आणि ब्रँडच्या नावावर तर कधीच जाऊ नका, फ्लोमॅक्स अमेरिकेत प्रोस्टेटचं औषध आहे आणि इटलीत त्याच नावाने सुजेचं औषध विकलं जातं. पर्ची सॉल्टच्या नावाने लिहून घ्या, ब्रँड कंसात.

किती नेता येतं

अमेरिका: साधारण ९० दिवसांचं, स्वतःसाठी, सोबत पर्ची किंवा डॉक्टरचं पत्र. खरं बघता तिथल्या कायद्याने बाहेरचं औषध आत आणणं मनाईच आहे, पण स्वतःच्या वापराचं थोडं असेल तर ते सोडतात, ती त्यांची मर्जी, आपला हक्क नाही, तेव्हा वाद घालू नये. ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्यांना पुढचं औषध पोस्टाने किंवा कुरिअरने मागवता येतं, त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी, डॉक्टरचं पत्र आणि इंग्रजी पर्ची पार्सलमध्ये लागते. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं तर एका बॅगेत सगळं कोंबायची वेळ येत नाही.

कॅनडा ९० दिवस किंवा एक कोर्स, दोन्हींत जे कमी असेल ते. ऑस्ट्रेलिया तीन महिने. जपान सगळ्यात कडक, पर्चीचं औषध एक महिन्याच्या वर न्यायचं तर आधी तिकडून सर्टिफिकेट काढावं लागतं, आणि सुडोएफेड्रिनवाल्या काही सर्दीच्या गोळ्या तिथे चालतच नाहीत.

काय अजिबात बांधू नका

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच भली माणसं अडकतात.

कोडीनवाला खोकल्याचा सिरप, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. दुबई, अबुधाबी, शारजा, सगळीकडे हे नियंत्रित आहेत, यूएई सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढल्याशिवाय नेऊ नका. आपल्याकडे "झोपेची अर्धी गोळी" म्हणून वर्षानुवर्षं घेणारे खूप आहेत, त्यांना ते औषध वाटतच नाही, सवय वाटते, आणि विचारल्यावर यादीत सांगतही नाहीत.

त्याहून फसवं प्रीगाबालिन. पाय जळजळतात, मुंग्या येतात म्हणून डॉक्टर जी कॅप्सूल देतात तिच्या पत्त्यावर (म्हणजे स्ट्रिपवर) मोठ्या अक्षरात मिथाइलकोबालामिन असतं आणि लोक समजतात विटामिन आहे, पण त्याच्या खाली बारीक अक्षरात प्रीगाबालिन असतं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१९ पासून हे नियंत्रित औषधांत आहे, आखातातही त्यावर बंधनं आहेत. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने भावासाठी म्हणून चार पत्ते दुबईला न्यायला मागितले होते, मी पत्ता उलटा करून त्यांना ती ओळ वाचायला लावली. स्वतःची असेल तर पर्ची आणि परवानगी घेऊन न्या, दुसऱ्यासाठी बिलकुल नको.

निमेसुलाइड आपल्याकडे घराघरात आहे, अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये त्याला परवानगीच नाही, तेव्हा दुखण्यासाठी साधं पॅरासिटामॉल न्या. दोन-तीन सॉल्ट एकत्र असलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्या तिकडच्या यादीतच नसतात, डॉक्टरला विचारून वेगवेगळ्या करून घेता आल्या तर बघा. आणि औषध नाही पण सांगून ठेवते, यूएईला जाताना अनारसे बांधाल तर खसखस लावू नका, तिथे खसखसही बंद आहे.

बांधायचं कसं

गोळ्या पत्त्यातून काढून स्टीलच्या डबीत भरू नका. वजन वाचतं हे खरं, पण मग ती नुसती पांढरी गोळी राहते, कस्टमवाल्याला ती कशाची कळणार कशी. पत्त्याच्या एका टोकाला बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली असते, पत्ता कापून मागाल तर दुकानदार बऱ्याचदा ते टोक स्वतःकडे ठेवतो. आमच्याकडे प्रवासाचं सांगितलं तर मी पूर्ण पत्तेच देते, त्यासाठी दोनचार गोळ्या जास्त झाल्या तरी चालेल. खोका मोडून सपाट करून सोबत ठेवा.

पर्चीवर नाव पासपोर्टवरचंच हवं. आपल्याकडे डॉक्टर ओळखीचे असतात, पर्चीवर नुसतं "सौ. वहिनी" किंवा घरचं नाव लिहिलेलं मी पाहिलंय, आणि बिलावर मुलाचं नाव कारण पैसे त्याने भरले. तिन्ही कागदांवर एकच पूर्ण नाव करून घ्या. डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी इंग्रजीत घ्या: कोणता आजार, कोणतं सॉल्ट, दिवसातून किती, किती दिवसांसाठी, खाली सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर.

इन्शुलिन कायम हातातल्या बॅगेत. खालच्या सामानात गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी ते टाकूनच द्यायचं. न उघडलेल्याला २ ते ८ डिग्री लागतं, बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवू नका, मध्ये एक नॅपकिन गुंडाळा. आणि औषधांचा अर्धा साठा एका बॅगेत, अर्धा सोबतच्या माणसाच्या बॅगेत, बॅग हरवली तर निदान अर्धं हातात राहतं.

कुरिअरचा माझा स्वतःचा अनुभव सांगते. माझ्या नणंदेच्या मुलाला बाहेर शिकायला असताना दम्याचे पंप पाठवायचे होते, मी बिल, पर्ची सगळं घेऊन काउंटरवर गेले, आणि तिथल्या मुलाने सांगितलं, "ताई, औषध लिहिलं तर अडकेल, हेल्थ सप्लिमेंट लिहितो, रोजच जातात." मी हो म्हटलं. पार्सल तिकडे उघडलं गेलं, आत एक आणि कागदावर दुसरं, झालं, माल नष्ट केला आणि पोराच्या नावावर नोटीस आली. त्या महिन्यात त्याने पंप नसताना कशी थंडी काढली ते आठवलं की अजून जीव खालीवर होतो. नंतर त्याने तिथल्याच युनिव्हर्सिटीच्या दवाखान्यात दाखवलं आणि तिथून पंप मिळाले, ते आधीच करायला हवं होतं. तेव्हा डिक्लेरेशनवर जे आहे तेच लिहायचं, कुणी काहीही सांगो. आणि नियंत्रित औषधं कुरिअरने पाठवायचीच नाहीत, पर्ची असली तरी.

आता उलटं, बाहेरून भारतात मागवायचं असेल तर

सगळ्यात आधी: खरंच भारतात मिळत नाही का? दहातल्या निम्म्याहून जास्त वेळा मिळतं, नुसतं दुसऱ्या नावाने. सॉल्टचं नाव घ्या आणि इंदूरला एमवाय हॉस्पिटलजवळच्या दवा बाजारात कॅन्सर किंवा स्पेशालिटीचा माल ठेवणाऱ्या स्टॉकिस्टकडे जा, साध्या होलसेलवाल्याकडे नको. एनपीपीएचं फार्मा सही दाम नावाचं अ‍ॅप आहे, त्यात सॉल्ट टाकला की ब्रँड आणि भाव दिसतात. जनऔषधीची दुकानं देशात १५ हजारांच्या वर झालीत, त्यांच्या सुगम अ‍ॅपवर औषध आहे का ते बघता येतं.

एक गोष्ट आमच्याच धंद्यातली आहे पण सांगायला हवी: जेनेरिक म्हणून जे पत्ते साध्या मेडिकलवर मिळतात त्यांच्यावर छापलेली एमआरपी आणि दुकानदाराची खरेदी ह्यात मोठं अंतर असतं. १०० छापलेला पत्ता दुकानात वीस-पंचवीसला पडलेला असू शकतो. तेव्हा विचारा, भाव करा, लाजू नका. फक्त थायरॉइडची, फिट्सची, रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमस, ह्यांचा ब्रँड स्वस्ताईसाठी स्वतःहून बदलू नका, ह्यात थोडा फरकही जाणवतो, डॉक्टरला विचारूनच आणि नंतर रक्त तपासूनच.

पेटंटमधलं महाग औषध भारतात मिळतंय पण परवडत नाही, तर डॉक्टरांना विचारा की कंपनीची पेशंट मदत योजना आहे का. बऱ्याच कॅन्सरच्या औषधांवर असते, काही डोस विकत घेतले की पुढचे मोफत, पण ती डॉक्टरांमार्फतच मिळते आणि विचारल्याशिवाय फारसं कुणी सांगत नाही.

आणि तरीही बाहेरूनच आणायचं ठरलं तर रस्ता असा. १९४५ च्या ड्रग्ज रूल्समध्ये नियम ३६ आहे. तुमचं माणूस परदेशातून येताना स्वतःच्या वापरासाठी स्वतःच्या सामानात औषध आणत असेल तर एका औषधाचे १०० डोसपर्यंत आणता येतात, कस्टमने विचारलं तर दाखवायचं. पण इथे "स्वतःच्या" हा शब्द महत्त्वाचा, पेशंट इंदूरात आणि औषध भाच्याच्या बॅगेत, हे त्यात बसत नाही. त्यासाठी, आणि कुरिअर-कार्गोने मागवायचं तर, फॉर्म १२-ए मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांकडे म्हणजे सीडीएससीओकडे अर्ज करायचा, ऑनलाइन होतो. सोबत डॉक्टरची पर्ची, पेशंटचे रिपोर्ट, ओळखपत्र, औषधाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव, किती हवं. त्यांना पटलं की फॉर्म १२-बी मध्ये परमिट मिळतं. पर्चीतली मात्रा आणि अर्जातली मात्रा गोळीगणिक जुळली पाहिजे, तीन महिन्यांची पर्ची आणि सहा महिन्यांचा अर्ज असं केलं की कागद परत येतो आणि पेशंटचे दिवस जातात. परमिट हातात आल्यावरच तिकडे पैसे भरा, आधी नाही.

ड्यूटीचं वेगळं बघा. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराला मागवलेल्या औषधांवरची बेसिक कस्टम ड्यूटी १ एप्रिल २०२३ पासून माफ आहे, पण त्यासाठी राज्याच्या किंवा केंद्राच्या आरोग्य संचालकांचं नाहीतर जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट लागतं. ते आपल्याला इंदूरातच मिळू शकतं, भोपाळला धावायची गरज नाही. कॅन्सरच्या काही औषधांवरही ड्यूटी काढलेली आहे. माल विमानतळावर येऊन पडल्यावर सर्टिफिकेट काढायला धावू नका, तोवर गोदामाचं भाडं चढतं आणि थंड ठेवायचं औषध गरम होतं. दोन्ही कागद आधी तयार, मग माल.

व्हॉट्सअ‍ॅपवर मिळणारं औषध

हताश माणसाला कुणीतरी एक नंबर देतंच. बांगलादेश जागतिक व्यापार करारातल्या गरीब देशांच्या सवलतीत असल्यामुळे तिथे नवी नवी कॅन्सरची औषधं पेटंटशिवाय बनतात, ती खोट्या मार्गाने इकडे येतात, अगदी स्वस्तात. काही खरी असतीलही, पण परवान्याशिवाय आलेल्या डब्यात काय आहे आणि रस्त्यात ते कसं ठेवलं होतं हे सांगणारा कुणी नसतो, आणि बिल नसतं म्हणजे तक्रारही नसते. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, ते लोक हॉस्पिटलमधून महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या शिश्या विकत घेऊन त्यात भलतंच भरून परत विकत होते. लाखाची शिशी आणि आत बुरशीचं साधं औषध. आणि स्वस्तात बनवताना चाचणी गाळली तर काय होतं ते आपल्या मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये छिंदवाड्यात बघितलं, खोकल्याच्या सिरपने लहान लेकरं गेली, वेगळं काही सांगायला नको.

म्हणून महाग इंजेक्शन घेताना बिल पक्कं, बॅच नंबर बिलावर आणि शिशीवर एकच, सील तुमच्यासमोर तुटलं पाहिजे. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या पॅकिंगवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, मोबाइलने स्कॅन करून बघा. आणि डोस झाल्यावर रिकामी शिशी आपल्याकडे मागून घ्या, लेबल खरवडा, मार्करने काळं करा, मगच टाका. नर्सबाई पहिल्यांदा विचित्र बघतात, कारण सांगितलं की स्वतःच लेबल फाडून देतात.

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलीसाठी असंच बाहेरून औषध आलं. परमिट, सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट, सगळं तिच्या वडिलांनी एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावलेलं, प्रत्येक कागदाच्या तीन कॉप्या. मुंबईला कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाला त्यांनी आठवडाभर आधी सगळं पाठवून ठेवलं होतं म्हणून माल त्याच दिवशी सुटला. रात्री साडेदहाला थर्मोकोलचा डबा आमच्या दुकानात आला कारण फ्रिज आमच्याकडे होता. बाहेर अजून झळा येत होत्या. डबा उघडला, जेलच्या पिशव्या अजून घट्ट होत्या, त्यात अंगठ्याएवढं तापमान मोजायचं यंत्र होतं, ते काढून आम्ही दोघांनी ट्यूबलाइटखाली धरलं. पूर्ण प्रवासात जास्तीत जास्त ६.८ डिग्री. वडिलांनी त्या आकड्याचा फोटो काढला, डॉक्टरांना पाठवला, आणि मी शिश्या मोजून वरच्या खणात मधोमध ठेवल्या, मागच्या भिंतीला टेकणार नाहीत अशा, तिथे बर्फ धरतो.